उजव्या अंगाची जागा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि नळदुर्गावरून जाणाऱ्या मोटारी कोळशाच्या धुरावर चालू लागल्या. चढ आला की उतारू खाली उतरायचे आणि मोटार ढकलायचे. अशा वेळी शेजारून जलीलची बैलजोडी निघून गेली की घामाघूम झालेली माणसंसुद्धा हसायची. "जलील, दोरी लाव की आमच्या गाडीला!" असं कुणीतरी ओरडायचंच. त्याला नावानं न ओळखणारा माणूस त्या रस्त्यावर सापडला नसता.

दिसायला तो काही विशेष नव्हता. बुटका, चेहऱ्यावर देवीचे व्रण, बोलणं कमी. पण मुरुमपासून तामलवाडीपर्यंत बैलांच्या शर्यतीचा एक माळ असा नव्हता, जिथं त्यानं निशाण गाठलं नव्हतं. बाकीचे गाडीवान आसूड ओढायचे, नाहीतर पराणीच्या टोकाला खिळा लावून बैलांना टोचायचे. जलीलच्या हातात नुसता कासरा असे. निशाण नजरेत आलं की तो जिभेनं टाळूवर एक टकारा द्यायचा. एकच. तो ऐकला की बैल असे सुटायचे की गाडीची चाकं जमिनीला लागतात का नाही, यावर लोक नंतर आठवडाभर भांडायचे.

जोडी त्याची नव्हती. ती मुरुमच्या महालिंगप्पांची. महालिंगप्पांचं अडतीचं मोठं दुकान होतं, मूलबाळ नव्हतं, आणि जीव सगळा त्या दोन खिलार बैलांत. उजव्या अंगाचा पारवा, डाव्या अंगाचा बाशिंग्या. पारवा तापट आणि बाशिंग्या समजूतदार. दोघं एकमेकांशिवाय वैरणीला तोंड लावत नसत.

जलीलला गाडीवर घेतलं तेव्हा दोघांत करार झाला होता. कागद नव्हता. महालिंगप्पांच्या ओसरीवर, गुंडप्पा पाटलांच्या समोर शब्द दिले-घेतले होते. जलील म्हणाला होता, "अप्पा, खिळा लावणार न्हाय, आसूड मारणार न्हाय. आन बैल कवा पळवायचा न्हाय, ते म्या ठरविणार. तिथं तुमचा हुकूम चालणार न्हाय."

"कबूल," महालिंगप्पा म्हणाले. "आणि तू? उद्या दुसऱ्यानं जास्त दिलं तर?"

"तुमी मोकळा करंस्तवर शर्यतीला दुसऱ्याची गाडी हाकणार न्हाय. खुदाची आन."

सहा-सात हंगाम दोघांनी शब्द पाळला.

मग मुरुमची जत्रा आली. महालिंगप्पांनी त्या साली गुलबर्ग्याचे व्यापारी बोलावले होते, तालुक्याचे अंमलदार खुर्च्या टाकून बसणार होते, आणि आळंदकडच्या एका जोडीनं उघड आव्हान दिलं होतं. सकाळी जलीलनं नेहमीसारखे बैलांचे पाय दाबून पाहिले. पारव्याच्या पुढच्या उजव्या गुडघ्याशी त्याचा हात थांबला. तिथं कातडं गरम लागत होतं. त्यानं पुन्हा दाबलं, तसा बैलानं पाय उचलून घेतला.

"आज जुंपायचं न्हाय," तो म्हणाला.

महालिंगप्पांनी आधी हसण्यावारी नेलं, मग विनवलं, मग त्यांचा आवाज चढला. "एवढी एकच, जलील. माझ्या दारात माणसं आलीत!"

"ठरलंय आपलं, अप्पा."

"ठरलंय ते मला ठाऊक हाय. पण तू चढला न्हाईस तर मी मुनवरला चढवतो. तो खिळा घेऊनच चढंल. मग बघ."

मुनवर म्हणजे जलीलच्या बायकोचा भाऊ. तोही गाड्या हाकायचा, आणि बेफाम हाकायचा. जलील बराच वेळ पारव्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. आपण चढलो तर निदान कासरा आवरून धरू, दुसरे-तिसरे येऊ, बैल वाचेल, असा त्यानं हिशेब केला. आणि तो चढला.

अर्ध्या माळापर्यंत त्यानं कासरा आवरूनच धरला होता. आळंदची गाडी पुढं होती. मग दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहिली आणि त्याच्या नावानं ओरडू लागली. निशाण दिसलं. आणि जलीलनं टकारा दिला.

का दिला, ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बळजबरी केली नव्हती. जीभ आपोआप उचलली गेली आणि पारवा सुटला.

ते जिंकले. लोकांनी जलीलला गाडीवरून ओढून खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला, हलग्या वाजवल्या. खांद्यावरून त्यानं मागं वळून पाहिलं तेव्हा पारवा पुढच्या गुडघ्यांवर बसला होता. मग छाती फुटल्यागत धापा टाकत कुशीवर पडला. "सोडा! सोडा मला!" जलील ओरडत होता, पण हलग्यांत त्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. लोक त्याला घेऊन निशाणाभोवती नाचत राहिले. तो खाली उतरून पोचला तेव्हा बैलाचे डोळे उघडे होते आणि त्यांच्यावर गुलाल बसला होता. बाशिंग्या अजून जुवाखालीच होता. मेलेल्या जोडीदाराच्या वजनानं मान वाकडी झालेली, पण हललेला नव्हता.

महिनाभरात महालिंगप्पांनी नवा बैल आणला आणि जलीलला बोलावणं धाडलं. जलील गेला नाही. तेव्हा महालिंगप्पांनी पंच बसवले. पुन्हा तीच ओसरी, तेच गुंडप्पा पाटील.

"अप्पा, तुमी शब्द मोडला का?" पाटलांनी विचारलं.

"मोडला," महालिंगप्पा म्हणाले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "मी चुकलो. भर सभेत म्हणतो. पण मी चुकलो म्हणून त्यानं मला सोडून दुसऱ्याची गाडी हाकावी, हे मला बघवणार न्हाय. मी त्याला मोकळा करत न्हाय."

सगळे जलीलकडं पाहू लागले. बाहेर दोन-तीन गावचे जोडीवाले त्याला न्यायला टपूनच बसले होते. एका शब्दावर त्यानं करार मोडला असता, तर पंचांनीही नाही म्हटलं नसतं.

"माझा शब्द माझ्यापाशी," जलील म्हणाला. "दुसऱ्याची हाकणार न्हाय. तुमचीबी न्हाय. आजपासून शर्यत बंद."

"तुझ्यासारखा गाडीवान घरात बसून काय करणार?" पाटलांनी कळवळून विचारलं.

जलील उठला आणि पायताण घालून चालू लागला.

तो नळदुर्गात भाड्यानं ओझी वाहू लागला. शेंगा, दगड, चुना. दुसऱ्याचे संथ बैल, जड गाडी. पण तो गाडीवर बसत नसे, बैलांच्या बाजूनं चालत असे, आणि तेही डाव्याच बाजूनं. बैलांना हाक घालायचं त्यानं सोडलं होतं. जीभ टाळूला लागेल म्हणून की काय, तो माणसांशीही तोंड जेमतेम उघडून बोलायचा. चालता चालता मधेच थांबायचा आणि उजवीकडं कान द्यायचा.

त्याची बायको ताहेराबी एकदा त्याच्याबरोबर तामलवाडीला निघाली होती. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो थांबला तशी तिनं विचारलं, "काय ऐकता?"

"धाप लागलीया त्याला," जलील म्हणाला.

"कुणाला?"

तो पुन्हा चालू लागला. ताहेराबीनं त्याला दर्ग्यात नेलं, दंडाला दोरा बांधला, उतारा काढला. दोरा झिजून तुटला, पण रस्त्यात थांबणं काही सुटलं नाही. उलट तो आता ओझं चढवताना गाडीची उजवी बाजू हलकी ठेवू लागला, आणि व्यापारी कुरकुर करू लागले.

पुढच्या हंगामात महालिंगप्पांच्या गाडीवर मुनवर चढला. एक दिवस तो नळदुर्गाला आला आणि अंगणात उकिडवा बसला. नेहमीचा तोरा नव्हता.

"दुल्हाभाई, बाशिंग्याचं काय करू? नव्या बैलाला अंगाला लागूच देत न्हाय. मधी जागा सोडून पळतोय."

"किती जागा?"

मुनवरनं हातानं दाखवली. एक बैल मावेल एवढी होती ती.

"तू चढू नगंस," तो म्हणाला.

"महिन्याचा पगार घेऊन खाल्लाय मी. चढावं तर लागंल."

शर्यत तामलवाडीच्या माळावर होती. वर्षभरानं जलील माळावर आला. लोकांनी ओळखलं, वाट करून दिली, कुणीतरी त्याच्या नावानं आरोळीही ठोकली. तो सरळ महालिंगप्पांपुढं जाऊन उभा राहिला. "अप्पा, बाशिंग्याला सोडा. तो एकटा पळत न्हाय."

महालिंगप्पा वर्षात म्हातारे दिसू लागले होते. त्यांनी जलीलचा हात धरला. "तूच चढ. आजच्या दिवस चढ. उद्या बैल तुझ्या दावणीला बांध, मी एक शब्द बोलणार न्हाय."

जलीलनं माळाकडं पाहिलं. लांबवर निशाण फडफडत होतं. बाशिंग्यानं जलीलचा वास घेतला होता आणि मान वळवून तो त्याच्याकडं पाहत होता. जलीलची जीभ टाळूकडं उचलली गेली, तसे त्यानं दात घट्ट मिटले.

"न्हाय, अप्पा. चढलो तर म्या परत आवाज देईन. मला माझा भरवसा न्हाय."

मुनवर चढला. गाडी सुटली. पहिल्या टप्प्यात सगळं ठीक होतं. मग मुनवरनं खिळा टोचला आणि नवा बैल बिथरून बाशिंग्याच्या अंगावर गेला. बाशिंग्या जागा सोडत डावीकडं सरकला, अजून सरकला, जू तिरकं झालं, एक चाक उचललं गेलं आणि गाडी उलटली. मुनवर लांब फेकला गेला. त्याचा हात कोपरापासून उलटा वळला होता. नवा बैल जू तोडून पळाला. धुरळा खाली बसला तेव्हा बाशिंग्या तुटक्या जुवाखाली उभा होता, शांत, मान उजवीकडं वळवून. त्या बाजूला कुणीच नव्हतं.

माणसं धावली, पण तो कुणाला जवळ येऊ देईना. शिंगं रोखायचा. मुनवरला उचलून सावलीत नेल्यावर जलील पुढं झाला. तो डाव्या बाजूनं गेला, एक शब्द न बोलता. जू काढलं. खांदा सोलवटला होता, त्यावर पटका सोडून ठेवला.

महालिंगप्पा चालत आले आणि मातीतच बसले. पांढऱ्या धोतराची त्यांना शुद्ध नव्हती. "घेऊन जा त्याला," ते म्हणाले. "आणि तुझा शब्दबी घेऊन जा. मोकळा केला तुला मी. कुणाचीबी गाडी हाक."

"आता काय हाकायचं, अप्पा," जलील म्हणाला आणि त्यानं त्यांना हात देऊन उठवलं.

मुनवरचा हात वाकडाच जुळला. त्यानं शर्यत सोडली आणि नळदुर्गाच्या नाक्यावर पानाची टपरी टाकली. जलीलकडं दूरदूरचे जोडीवाले आले, मिनतवाऱ्या करून गेले. तो सगळ्यांना चहा पाजायचा आणि अंगणातल्या बाशिंग्याकडं बोट दाखवून म्हणायचा, "त्यालाच विचारा."

बाशिंग्याला त्यानं परत जुंपलं नाही. दावणीला दोन बैल मावतील एवढी जागा होती. बाशिंग्या डाव्या कडेलाच बसायचा. वैरण टाकली की आधी उजवीकडं मान करून थांबायचा, मग खायचा. जलीलही ओसरीवर त्या रिकाम्या बाजूला पाठ न करता बसायचा, तासन्‌तास. पण आता तो दचकत नव्हता. थांबून ऐकायचा, एवढंच.

ताहेराबीला हे सगळं खुळेपणा वाटे, आणि ती तसं बोलूनही दाखवी. एका दुपारी ती पाण्याची बादली घेऊन अंगणातून आली. बाशिंग्यापुढं बादली ठेवली आणि आडाकडं परत निघाली. चार पावलं गेल्यावर ती थबकली. दावणीच्या रिकाम्या जागेतून सरळ वाट होती, तरी ती वळसा घालून आली होती. येतानाही, आणि आता जातानाही. तिनं ओसरीवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. तो तिच्याकडंच पाहत होता.

ताहेराबीनं पदर नीट केला, आडावरून दुसरी बादली भरून त्या रिकाम्या जागेपाशी आणली, आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून तशीच हातात धरून उभी राहिली.