जहाजावरचा दादा

“आई, दादा तुरुंगात आहे हे तुझ्या पाळणाघरात माहीत आहे का गं?”

सुटला एकदाचा प्रश्न तोंडातून! शाळेपासून भिंगरी तो जिभेवर घोळवत आली होती. हे गुपित तिने फक्त लंबू आणि चष्मिष्ट या दोन जिवलग मैत्रिणींना सांगितलं होतं, आणि त्यांनी पैजच लावली होती. “आमच्यापुढे एवढी टकळी चालवतेस, घरी विचारून दाखव की! आहे हिंमत?” भिंगरीला कुणी हिंमत विचारली की संपलंच. त्यात नुकतंच वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालेलं, त्यामुळे स्वारी हवेतच होती.

पण आईचा चेहरा पाहिला मात्र, आणि भिंगरीला वाटलं, उगाच विचारलं. आईने हातातलं पातेलं इतकं हळू खाली ठेवलं, जणू भिंतीपलीकडे कुणी कान लावून बसलंय. बाबा उठले, लंगडत गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

“कुणाला कळलंय? कोण विचारत होतं?” आईने विचारलं.

“कुणी नाही गं. मीच आपलं...”

“हळू बोल!”

वाचकहो, स्वतःच्या घरात असं कुजबुजत जगायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का?

या घरावर ती आली होती. दादाने मित्रांबरोबर एका दुकानाचं कुलूप फोडून मोबाईल चोरले होते. खोटा आळ नव्हता, चोरी केलीच होती. शिक्षा झाली, ती तो भोगत होता. बाबा रंगारी, पण परांचीवरून पडल्यापासून त्यांच्या गुडघ्याने संपच पुकारला होता. घर चालत होतं ते आईच्या पाळणाघरातल्या नोकरीवर. जिच्या घरात चोर निघाला, तिच्या हातात कोण आपलं तान्हं बाळ देईल? या धास्तीने आईने निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कामावर सांगून टाकलं, “मुलगा जहाजावर लागला.” जहाजच का? तर जहाजावरचा माणूस लांब असतो, लवकर परतत नाही आणि बाजारात कुणाला दिसत नाही!

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण ते पडलं पाळणाघर! एका दुपारी पोरं काही केल्या झोपेनात, तेव्हा आईने जहाजावरच्या दादाची गोष्ट सांगितली. झालं! मग रोज तीच हवी. दादाने देवमासा पाहिला, दादाने वादळात दोर धरून ठेवला. पोरं अंगठा चोखत ऐकायची आणि गाढ झोपायची. उठली की चित्रं काढायची. बघता बघता अख्खी भिंत जहाजांनी भरून गेली, आणि प्रत्येक जहाजावर काडीच्या हातापायांचा दादा हसत उभा! त्या भिंतीखाली बसून मुलांना थोपटताना आई वर बघायचं टाळायची.

“आज पाळणाघराच्या मोठ्या बाई म्हणाल्या,” आई पुटपुटली, “शनिवारच्या पालकसभेला तुझ्या मुलालाच बोलावू. पोरं वेडी होतील म्हणे.”

“सुट्टी नाही म्हणावं,” बाबा म्हणाले.

“आणि पुढच्या सभेला?” भिंगरीने विचारलं.

“तोपर्यंत बुडवू जहाज!” बाबा वैतागले. तिघांनाही हसू फुटलं. मग हसता हसता आईलाच रडू कोसळलं.

“नोकरी गेली तर काय करायचं हो? दुसरीकडे कोण ठेवेल मला?”

बक्षीस मिळवणारी पोर त्या रात्री डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपली.

शनिवार उजाडला. भिंगरी खुर्च्या मांडायला आईबरोबर गेली. खरं तर आईला एकटीला सोडायची तिला भीती वाटत होती. पालक जमले. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या मांडीवर. मोठ्या बाई उभ्या राहिल्या.

“आपले जहाजावरचे दादा आज येणार होते, पण त्यांना सुट्टी मिळाली नाही बरं का!”

“कशी मिळेल?” मागच्या रांगेतून जुळ्यांची आई म्हणाली. तिची बहीण भिंगरीच्याच गल्लीत नव्याने राहायला आली होती. “जेलमधून सुट्टी देतात का? मला कालच कळलं, हिचा मुलगा चोरीच्या गुन्ह्यात आत आहे!”

भिंगरीने आईकडे पाहिलं. आणि मग एकच कल्लोळ उठला! “बाप रे!” “आमची मुलं इथे ठेवतो आम्ही!” एका बापाने तर मुलीला उचललं आणि तो मागे वळूनही न पाहता निघून गेला.

आईने कंबरेची पाळणाघराची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि एप्रनची गाठ सोडायला लागली. पण गाठ सुटेचना.

“माझी पोरं हिच्या मांडीवर झोपतात हो!” जुळ्यांची आई ओरडली.

“झोपतात ना?” पहिल्या रांगेतून एक आजोबा म्हणाले. ते रोज नातीला न्यायला यायचे. “माझ्या घरी तर माझी नात कुणाच्याच मांडीवर झोपत नाही. बापाच्याही नाही!”

“आजोबा, थट्टा नको. आम्हाला भीती वाटते.”

“वाटणारच, पोरी. पण जरा ऐक. मी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली. न्यायाधीश शिक्षा वाचतात ना, तेव्हा ज्याने गुन्हा केला त्याचंच नाव घेतात. ‘आणि याच्या आईची नोकरी जाईल, बहिणीला कुणी जवळ बसवणार नाही’ असं वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. ती वरची शिक्षा आपण देतो. बाहेर बसून, फुकटात! आणि आपल्या शिक्षेवर अपीलसुद्धा नाही.”

कुणीतरी खाकरलं. मोठ्या बाई मात्र आईकडेच बघत होत्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

“मुलाचं राहू दे. तू माझ्या तोंडावर रोज खोटं बोललीस, त्याचं काय?”

“चुकलं, बाई.” आईने पहिल्यांदाच मान वर केली. “पण खरं सांगा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी खरं बोलले असते, तर तुम्ही मला तिसऱ्या दिवशी ठेवलं असतंत?”

बाईंनी भिंतीवरच्या जहाजांकडे पाहिलं. आता बाई काय म्हणतील, त्यावर घरातली चूल, बाबांची औषधं, तिची शाळा, सगळंच टांगलेलं होतं.

“नसतं ठेवलं,” बाई शेवटी म्हणाल्या. “मीही घाबरले असते. मुलं काढून नेतील म्हणून.” त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि आईच्या हातात दिली. “आता एक मूल गेलंच. आणखी जातील कदाचित. जाऊ देत! इतकी वर्षं मी तुझं काम पाहिलं आहे, तुझ्या मुलाचं नाही. तू सोमवारी ये. पण यापुढे माझ्याशी खोटं नाही!”

“नाही, बाई. आणि पोरांनाही सांगते, ती नुसती गोष्ट होती म्हणून.”

जुळ्यांची आई घुटमळली. जुळी केव्हाच भिंगरीच्या आईच्या पदराशी पोचली होती. त्यांची आई फणकारली, “आणते सोमवारी. पण मी लक्ष ठेवणार हं!”

“ठेवा की,” आई डोळे पुसत म्हणाली. “दोघांकडे बघायला मला तेवढीच मदत!”

सभेत पहिल्यांदा हसू पिकलं.

वाचकहो, सगळं लगेच गोड झालं असं समजू नका. आणखी दोन मुलं गेलीच. गल्लीत कुजबुज व्हायची ती झालीच. पण एका घराची नोकरी वाचली आणि एक खोटं संपलं. गुन्हा ज्याने केला, शिक्षा त्याचीच! त्याच्या आईची, बहिणीची भाकरी हिसकावून कुठलीही चोरी भरून निघत नाही. उलट घाबरलेली माणसं खोटं बोलायला शिकतात. आणि त्यांना ते शिकवतो आपण!

घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. संध्याकाळी खिडकी उघडीच होती. आई दादासाठी न्यायच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दर वेळी ती आणि बाबा दोघंच भेटायला जात, तेही तोंड लपवून. भिंगरीला कधीच नेत नसत. कुणी पाहिलं तर!

भिंगरी उठली. ताठ उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या मीही येणार दादाला भेटायला. आणि तोंड झाकून नाही येणार!”