पिंड बुडेना

महादेवाच्या देवळापुढं सकाळपासून घागरींची रांग लागली होती. शिरूर कासारकडच्या त्या गावात आषाढ सरला तरी थेंब पडला नव्हता. गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड बुडाली की देव गुदमरतो आणि पाऊस सोडतो, ही जुनी रीत मेघनाथ महाराजानं पुन्हा चालू केली होती. बायका टँकरचं पिण्याचं पाणी आत ओतत होत्या. पण पाणी गुडघ्याएवढं चढायचं आणि तिथंच थांबायचं. पिंड काही बुडेना.

“वरुणराजाशी माझं बोलणं झालंय!” महाराज गरजला. “तो तयार हाय. पण या गावची एक बाई विहिरीत पडून मेलीय. तीच खालून पाणी पितीय!”

सगळ्या माना सोमलिंगकडं वळल्या. त्याची बायको शिवम्मा उन्हाळ्यात पाण्याला गेली आणि विहिरीत पडली होती.

“सोमलिंगा, घरचं पाणी आण,” सरपंच सुंदरराव म्हणाला. “बायकोची तहान तूच भागव.”

सोमलिंगनं घरातली शेवटची घागर उचलली. पोरगी शिवानी तापानं फणफणली होती.

“अप्पा, मला घोटभर ठिवा.”

त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. शिवम्मा कधी कुणाच्या वाटचा घोट प्याली नव्हती. पण महाराजाचं खरं असलं तर?

दारातच शाळेच्या पंचशीलाबाई भेटल्या. पोरीला बघायला आल्या होत्या.

“दादा, पाणी चढत नाही म्हणजे कुठंतरी वाट आहे त्याला. अर्धी घागर पोरीला ठेवा. उरलेल्या पाण्यात ही कपड्यांची बाटलीभर नीळ ओता, आत्ताच दुकानातून आणलीय.”

“महाराज शाप देईल, बाई.”

“आता तुमचं आणखी काय न्यायचं राहिलंय?”

अर्धी घागर पोरीला ठेवून सोमलिंगनं उरलेलं निळं पाणी गाभाऱ्यात ओतलं. थोड्याच वेळात देवळामागच्या मठातून महाराजाचा चेला सटवा बोंबलत आला. अंगाला साबण, डोक्यापासून पायापर्यंत निळा.

“महाराज! तोटीतून निळं पाणी येतंय!”

सोमलिंगमागोमाग आलेल्या बाईंनी पिंडीमागची फुलं बाजूला केली. गुडघ्याच्या उंचीवर भोक, त्यात नळी, नळी थेट मठाच्या न्हाणीत.

“ही वरुणाची लीला!” महाराज म्हणाला.

“मग वरुणाला साबण कशाला लागतो रं?” कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

“पिंड बुडूनही पाऊस आला नसता तर हा उघडा पडला असता,” बाई म्हणाल्या. “म्हणून बुडूच दिली नाही, आणि दोष मेलेल्या बाईवर टाकला. पावसासाठी माणसानं बेडकांची लग्नं लावली, ढगांवर तोफा डागल्या, विमानातून मीठ फवारलं. पण ढगच नसला तर विमानही हात टेकतं. यात शिवम्माचा काय दोष?”

हसू विरलं. “मग आमी करायचं तरी काय?” सुंदररावानं विचारलं.

“विहिरीला कठडा बांधा,” सोमलिंग म्हणाला. “कठडा न्हवता, म्हणून पडली ती.”

आभाळ पांढरंफटक होतं. बाबांनो, पाऊस पाडणं अजून माणसाच्या हातात नाही. कठडा बांधणं आहे.