उशिरा निघालेली पिल्लं

उशिरा अंडी घातलेल्या चिमण्यांची पिल्लं यंदा सर्रास जगत होती, आणि त्यामुळेच तिच्या जिवाला चैन नव्हती.

बंद पडलेल्या दवाखान्यामागच्या झाडीत तिने लाकडी पेट्या टांगल्या होत्या. पिल्लांचं वजन करायचं, पायात रंगीत कडी घालायची आणि पुढच्या वर्षी त्यातली किती स्वतःचा संसार थाटतात ते बघायचं, हे तिचं संशोधन. कोण धिप्पाड, कोण गोड गळ्याचा, याला तिच्या लेखी किंमत नव्हती. ज्याची पिल्लं पुढे नांदली, तोच खरा सक्षम. उशिराच्या पिल्लांना अळ्या कमी मिळतात, ती मरतात, असं आजवरचं गणित.

मार्गदर्शक बाईंनी आकडे पाहून भुवया चढवल्या. "काटा तपासलास?"

"दोनदा."

"मग झाडी तपास."

दुसऱ्या दिवशी ती अवेळी, भर दुपारी गेली. झाडाखाली स्टूल, स्टुलावर तिचे वडील. जन्मभर शिंप्याचं काम केलेला माणूस. चिमट्याने डब्यातली एकेक अळी उचलून पेटीत भरवत होता.

"बाबा, हे काय चाललंय?"

"यांची आई एकटीच हेलपाटे घालतेय. बाप कुठे उलथलाय कोण जाणे."

"माझं वर्षभराचं काम पाण्यात गेलं."

वडील स्टुलावरून उतरले. "तूच म्हणतेस ना, जगतो तो खरा? मला वाटलं, जगलेली बरी."

 संध्याकाळी तिने बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "हे वर्ष गेलंच. पुढच्या हंगामात हेच ठरवून कर. उशिराच्या निम्म्या पेट्यांना खाऊ घाल, निम्म्यांना नको."

"नको म्हणजे कोणत्या?" वडिलांनी घरी विचारलं.

"चिठ्ठ्या टाकू."

"तूच उचल. माझा हात धजायचा नाही."

पुढच्या हंगामात ठरलेल्या पेट्यांत ते अळ्या टाकत आणि उरलेल्यांखालून मोठमोठ्याने खाकरत जात, चिवचिव कानावर पडू नये म्हणून. मग ते तापाने पडले आणि डबा तिच्या हाती आला. उपाशी पेटीतलं सर्वांत हलकं पिल्लू तिने काट्यावर ठेवलं. त्याने चोच वासली. तिची बोटं डब्यात गेली, तिथेच थांबली. तिने झाकण लावलं, पिल्लू परत ठेवलं आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

"सगळी आहेत ना?" वडिलांनी विचारलं.

"आज आहेत."

ते भिंतीकडे वळले. ती बसली, उठली, पुन्हा बसली. सकाळी ते पिल्लू पेटीत मरून पडलेलं होतं.

वर्षाने गणित पक्कं झालं. भरवलेल्यांपैकी कितीतरी जणांनी घरटी बांधली. न भरवलेली फारशी दिसलीच नाहीत. बाईंनी पाठ थोपटली. वडिलांना तिने घरी येऊन आकडे सांगितले.

"म्हणजे त्यांच्यात खोट नव्हती," ते म्हणाले. "नुसती भूक होती."

"हो."

"मग आता सगळ्यांना घालू या का?"

 बाईंना असाच, निम्म्या पेट्या न भरवता, आणखी एक हंगाम हवा होता.