सोड रे मूठ

"कचरूभाऊ, यंदा राक्षसाचं काम आपले राजकुमार सर करतील. तुम्ही समोर खुर्चीवर बसून मजेत नाटक पाहा," सुलभा मॅडम म्हणाल्या.

"अन् मंग मी मेलो काय?" पहिल्याच तालमीला तोंडाला काजळ फासून आलेल्या कचरूनं विचारलं.

उंद्रीच्या शाळेत शिपाई म्हणून लागल्यापासून गॅदरिंगचा राक्षस तोच. सत्तावीस वर्षं. नाटक मॅडमनी लिहिलेलं, दरवर्षी तेच. फक्त छोटा जादूगार नवा. हा जादूगार मुलखाचा साधा. त्याला एकच मंत्र येतो: 'सुट रे सुट, सोड रे मूठ!' समोरच्याच्या हातातलं हत्यार गळून पडतं, बस्स. गुरू त्याला आगीचा मंत्र देऊ करतो, तर हा पठ्ठ्या म्हणतो, नको, मला कुणाला जाळायचं नाही. तेवढ्या एका मंत्रावर तो चोराचा सुरा पाडतो, पहारेकऱ्याचा भाला पाडतो आणि शेवटी राक्षसाची गदा. गदा गेली की राक्षस धाडकन आडवा. गाव यायचं ते हे पडणं पाहायला.

पण पोळ्याच्या सुमारास कचरूला लकवा मारून गेला. पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र हट्टालाच पेटला. बोटं कायम अर्धी मिटलेली, अन् त्यात काही धरलं की मूठ आवळायची ती सुटायचीच नाही.

"गदा डाव्या हातात धरतो, मॅडम. येवढी एक खेप. मार्चात रिटायर होऊन राह्यलो ना."

मॅडमना नाही म्हणवेना.

गॅदरिंगच्या दुपारी मैदान गच्च भरलं. कचरू गरजला, पोरं किंचाळली आणि त्याला असा काही चेव चढला की डाव्या हातातली गदा उजव्यात कधी गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही. सत्तावीस वर्षांची सवय, ती काय विचारून येते!

यंदाची जादूगार चौथीतली मदिहा. तिनं काठी रोखली आणि ओरडली, "सुट रे सुट, सोड रे मूठ!"

गदा पडली नाही.

तिनं पुन्हा मंत्र म्हटला. कचरूनं दातओठ खाऊन जोर लावला, तशी बोटं अधिकच आवळली. मागून कुणीतरी हसलं, "काऊन बे, मंतर चालून नाही राह्यला काय?" कचरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या हौसेपायी पोरीचं नाटक बुडालं.

मदिहानं आपली काठी खाली ठेवली. ती जवळ आली, त्याची करंगळी धरून हळूच म्हणाली, "सुट रे सुट." मग शेजारचं बोट.

"दुखून राह्यलं काय, काका?" ती कुजबुजली.

"नाही वं माय. कर तू."

एकेक बोट उलगडत गेलं. शेवटी अंगठा सुटला आणि गदा धपकन पडली. पाठोपाठ कचरू असा कोसळला की स्टेजच्या फळ्या हादरल्या. इतका झकास तो कधीच पडला नव्हता.

टाळ्या थांबेनात. मेलेल्या राक्षसानं एक डोळा किलकिला केला. उजवा तळहात शेजारीच उघडा पडला होता, कितीतरी महिन्यांनी. बोटं परत मिटायच्या आत त्यानं तो डोळे भरून पाहून घेतला.