कांडी वर आल्याशिवाय
खाणीच्या शेडमध्ये मामाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मामा तिथला हेडफिटर. दर सोमवारी सकाळी सगळ्या यंत्रांचे, इंजिनात जाणारी हवा गाळणारे एअर फिल्टर बाहेर काढायचे, टायरवर दणादण आपटायचे आणि वर हवेच्या पाइपचा जोरदार झोत मारायचा, हा त्याचा शिरस्ता. धुळीचा लोट उठला की स्वारी खूष. आता तो निवृत्त झाला होता आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेली भाची हेडफिटर होती. घरी करमत नाही म्हणून मामा तरीही शेडमध्ये यायचा आणि येईल त्या कामात नाक खुपसायचा.

तिनं आल्या आल्या सोमवारचा तो सोहळा बंद करून टाकला. दगड भरणाऱ्या नव्या लोडरच्या फिल्टरच्या डब्यावर बोटाएवढी काचेची नळी होती. फिल्टर तुंबत गेला की तिच्यात लाल कांडी वर चढायची. कांडी वर आली की फिल्टर बदलायचा, तोवर झाकणाला हात लावायचा नाही, एवढा साधा कायदा. जुन्या लोडरचं इंजिन धुळीनं खाल्लं होतं. या लोडरचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं आणि एकदा ठरवलं की ती हलणाऱ्यातली नव्हती.

सोमवारी ऑपरेटरनं लोडर शेडसमोर आणून उभा केला.

"ताई, फिल्टर काळाकुट्ट झालाय. बदलून टाका."

"तुला कसं कळलं? उघडलास?"

"नुसतं डोकावलो."

"कांडी कुठंय?"

"खालीच आहे."

"मग कामाला लाग. मळलेला फिल्टर उलट जास्त धूळ अडवतो. तू डोकावतोस तेव्हाच ती आत जाते."

मामाला राहवेना. "अगं, त्या कांडीचं काय ऐकतेस? मी सांगतोय ना. आण इकडे, दोन दणके देतो." त्यानं झाकणाची खिट्टी सोडवलीसुद्धा.

सगळे बघत होते. भाचीच्या हातात पहिला पाना याच माणसानं दिला होता. तरी तिनं पुढे होऊन खिट्टी परत लावली. "मामा, जरा माझ्याबरोबर ये."

स्टोअरच्या कोपऱ्यात जुन्या लोडरचा फिल्टर पडला होता, मामानंच आपटून आपटून साफ केलेला. तिनं दार लावून घेतलं आणि फिल्टरच्या पोटात पेटता बल्ब सोडला. कागदाच्या घड्यांमधून चारी बाजूंनी उजेडाचे ठिपके बाहेर आले. एक चीर तर चांगली नखाएवढी होती. मामानं फिल्टर हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. इंजिनात धूळ कुठून गेली हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो खाली ठेवून मामा घरी निघून गेला.

मग तो फिरकलाच नाही. मामी म्हणाली, जेवतो वेळेवर, पण बोलत नाही. भाचीला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. आपलं चुकलं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

कांडी वर आली ती ऐन कामाच्या धांदलीत. ऑपरेटर म्हणाला, "संध्याकाळपर्यंत ढकलू की."

"आत्ता," ती म्हणाली.

इंजिन बंद करायला लावून तिनं झाकण उघडलं, जुना फिल्टर कुठेही न आपटता अलगद ओढून काढला आणि डबा पुसायच्या फडक्यासाठी मागे हात केला. ओलं फडकं घेऊन मामा उभा होता. तिला न देता त्यानं स्वतःच पुसायला घेतलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं, हलक्या हातानं.

"त्या इंजिनाचं तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, मामा. तू हसलास."

मामानं डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. मग त्यानं खोक्यातला नवा फिल्टर काढून तिच्या हातात दिला.

"मग आता परत सांग," तो म्हणाला आणि ऐकायला उभा राहिला.