झुंबरबाईची धुरी आणि रानमांजराचं पिलू

मित्रांनो, मी तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, एक जुनी टोपली आहे आणि स्वभावानं पहिल्यापासून घाबरट. माझ्याखाली कोंबडीची पिल्लं झाकली, की घारीच्या भीतीनं माझाच जीव टांगणीला लागायचा. पण माझं मानाचं काम वेगळं होतं. झुंबरबाईच्या घरात बाळ जन्मलं, की शेगडीत ओवा न् वावडिंग टाकून मला वर पालथी घालायची, आणि माझ्यावर दुपट्यात बाळ. चार नातवंडांनी माझ्यावर धुरी घेतली.

नातवंडं मोठी झाली आणि मी माळ्यावर पडले. पुढं शहागडजवळ तातेरावांनी जंगली जनावरांसाठी निवारा काढला. झुंबरबाई तिथं बिनपगारी मदतीला जाऊ लागली आणि मलाही घेऊन गेली.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळीनं उसाच्या फडात सापडलेलं रानमांजराचं पिलू आणून दिलं. तातेराव बाहेर गेले होते. पिलू कुडकुडत होतं. झुंबरबाईनं बाळासारखं त्याला तेल चोळलं, माझ्यावर निजवून ओव्याची धुरी दिली. पिलू निजलं. इतक्या वर्षांनी कामी आले म्हणून मी हरखून गेले. चुकलंच माझं.

तातेराव आले आणि म्हणाले, "याची आय फडातच असंल. जिथं सापडलं तिथंच ठिवू, नेईल ती."

दिवस कलताना पिलाला माझ्यात घालून फडाशी ठेवलं. ती दोघं लांब बांधाआड बसली. मांजरी आली. तिनं माझा काठ हुंगला, पिलू हुंगलं आणि ती उलटी उसात शिरली. पिलू ओरडत राहिलं. माझ्या काडीकाडीत ओवा मुरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वासानं गेली," तातेराव म्हणाले. "उद्या टोळी उरलेला फड तोडणार. मंग तिला कुठं हुडकायचं?"

"भाऊ, मी तर लेकरासारखं करून राह्यले होते." झुंबरबाईचे डोळे भरले.

"जीव लावला ते बराबर. पन ते आपलं लेकरू न्हाई."

तिनं कोरड्या मातीनं पिलाचं तेल पुसलं, त्याला तिथल्याच उसाच्या वाळल्या पाचटात लोळवलं आणि तसंच जमिनीवर ठेवलं. मला उचलून बांधाआड नेलं. वारा गार होता. टोळीची कुत्री भुंकत होती. मांजरी येईना. झुंबरबाईनं माझा काठ इतका आवळला, की एक काडी मोडली.

अंधारून येताना पाचट हललं. मांजरी आली, थांबली, तिनं पुन्हा हुंगलं. मग मानगूट धरून पिलू उचललं आणि ती उसात गेली. झुंबरबाई पदरात तोंड घालून रडली.

आता मी निवाऱ्याच्या दारात टांगलेली असते. कुणी पिलू घेऊन आलं, की झुंबरबाई माझी मोडकी काडी दाखवते आणि आधी विचारते, "याची आय कुठं हाय, पाह्यलं का?"

मित्रांनो, रानात एकटं पिलू दिसलं, तर टोपली आणायला धावू नका. लांब बसून वाट बघा. जीव घाबरा होईल, माझाही झाला होता. पण त्या सांजेला मी रिकामी होते, म्हणून ते पिलू आईकडं गेलं.