आंबेनळीतली डबल बेल

पक्षीनिरीक्षणाने माणूस शांत, नम्र आणि सत्यनिष्ठ होतो, असं आमच्या महाडच्या निसर्ग मंडळाच्या पत्रकावर छापलेलं आहे. ते वाक्य माझंच. सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात, भल्या पहाटे, मुख्तारच्या जीपपुढे मी आणि मंडळाचे खजिनदार पुढच्या सीटवरून एकमेकांची लायकी काढत होतो. अखेर खजिनदार दुर्बीण घेऊन घरी निघून गेले. मंडळाची दुर्बीण एकच होती.

"झालं ना, सर?" मुख्तार म्हणाला. कुवेतमध्ये आठ वर्षं शेखची गाडी चालवल्यामुळे भांडणं संपेपर्यंत थांबायची त्याला सवय होती. "आता मागं बसा. पुढं म्याडम बसतील."

म्याडम म्हणजे प्रियदर्शिनी. पुण्याची मुलगी, पक्ष्यांच्या आवाजांवर संशोधन करणारी. तिच्याकडे स्वतःची दुर्बीण होती, टेपरेकॉर्डर होता, आणि परातीएवढी एक खोलगट तबकडी होती. ती झाडाकडे रोखली की लांबचा आवाज जवळ येतो म्हणे. सकाळी खाडी, दुपारनंतर आंबेनळी घाट, असा बेत होता.

चौथा मालोजी कंडक्टर. तो आपसूक मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला, आम्ही चढल्यावर आत आला, दार ओढलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. मुख्तारने गाडी सोडली.

मालोजी मंडळात महिन्यापूर्वीच आला होता. आमच्या अर्जात 'पक्षीनिरीक्षणाचा हेतू' असा एक रकाना आहे. लोक तिथे 'निसर्गप्रेम' लिहितात. मालोजीने लिहिलं होतं, 'निर्दोष सुटणे'.

प्रकरण दहा वर्षांपूर्वीचं. महाबळेश्वरला जाणारी गाडी तेव्हा आंबेनळीत बयाबाईच्या चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटं थांबायची. इंजिन निवायचं, माणसंही निवायची. त्या दिवशी मालोजी लघवीला टपरीमागे गेला आणि इकडे डबल बेल झाली. कंडक्टरने दोरी दोनदा ओढून टण टण वाजवलं की ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नसतं. तसं त्याने बघितलंही नाही. बेचाळीस उतारू कंडक्टरविना महाबळेश्वरला पोचले. मालोजीने लेखी खुलासा दिला की बेल त्याने दिली नाही, गाडीतल्या कोणीही दिली नाही. ती झाडावरच्या भृंगराजाने दिली. भृंगराज म्हणजे तो काळा, शेपटीला दोन लांब तारा असलेला पक्षी. ऐकलेला कुठलाही आवाज तो हुबेहूब काढतो. वरिष्ठांनी उलट विचारलं, सदर पक्षी सेवेत आहे काय? नसल्याचं मालोजीने कळवलं. मग सेवापुस्तकात शेरा पडला, 'कामावर असताना गाडी सोडून गेले. खुलासा हास्यास्पद.'

शेऱ्याचं एक वेळ चाललं असतं. पण घरी आवडीने, म्हणजे त्याच्या बायकोने, भृंगराजापेक्षा सोपा खुलासा शोधून काढला होता. तिचं म्हणणं, टपरीमागे बयाबाई होती.

आता महिनाअखेरीला मालोजी निवृत्त होणार होता. बारा दिवस उरले होते. त्याआधी ती बेल कॅसेटवर घ्यायची आणि कॅसेट साहेबांच्या टेबलावर ठेवायची, एवढी एकच त्याची इच्छा होती. म्हणून तो आमच्याबरोबर पक्षी बघायला निघाला होता.

दासगावला पोचलो तेव्हा खाडीला ओहोटी लागलेली. चिखल कोवळ्या उन्हात चकाकत होता आणि त्यावर लांब लाल पायांचे शेकाटे चोची खुपसत फिरत होते. प्रियदर्शिनी मोजायला लागली. साठपर्यंत गेली, चार शेकाटे इकडचे तिकडे झाले, पुन्हा एकपासून.

"एकशे अठरा," मालोजी म्हणाला.

"एवढ्यात?"

"त्यात सात अर्धी तिकिटं."

तिने दुर्बिणीतून पाहिलं. यंदाची पिल्लं होती, पाठीवर अजून तपकिरी. सातच.

"काका, कसं मोजलंत?"

"मोजायचंच नाय. मोजाय गेलं का चुकतं. दारातनं एकदा नजर फिरवायची. कोण नवा, कोण कुणाच्या आड बसलाय, डोळ्यांना आपसूक कळतं."

पलीकडून चक्रवाकांची जोडी उठली आणि नदीच्या वरच्या अंगाला गेली.

"दोघं उतरले," मालोजीने सांगितलं.

"तिकीट होतं का त्यांचं?" मुख्तारने विचारलं.

"लांबचे हायत. पासवाले."

प्रियदर्शिनी हसत सुटली. मग तिने त्याची परीक्षाच घेतली. तुतवार किती, बगळे किती, खांबांवरचे पाणकावळे किती? तीनदा त्याचा आकडा पडताळला, तिन्ही वेळा बरोबर निघाला. चौथ्या वेळी तिने न पडताळता वहीत लिहून घेतला. मालोजी त्या वहीकडे बघत राहिला. शेरा पडल्यापासून त्याच्या गाडीवर वरचेवर तपासनीस चढत असत. त्याचा आकडा कोणी तसाच लिहून घेण्याची दहा वर्षांतली ही पहिलीच वेळ.

दुपारी पोलादपूरला त्याच्या घरी जेवलो. नाचणीची भाकरी, सुकट, कांदा. आवडीला माहेरी कुडपणला जायचं होतं.

"जीपनं येते फाट्यापातुर," ती पदर खोचत म्हणाली. "पाखरू बघाय नाय येत मी. सांगून ठेवते."

"तुला कोन बोलावतंय गो?" मालोजी म्हणाला.

"बोलावशाल कसे? तिथं दुसरी हाय ना, च्यावाली."

आम्ही तिघांनी सुकटीकडे बारकाईने पाहिलं.

कुडपणचा फाटा आला. मुख्तारने ब्रेक लावला. आवडी उतरली नाही. समोर बघत म्हणाली, "आता येवढी आलेच हाय, तर बघते तरी कशी हाय ती."

घाटात झाडी दाट झाली. तांबट टुकटुकत होते, दरीवरून धनेश पंखांचा भाता हलवत गेला. वळणावर टपरी दिसली. टपरीत एक कमरेत वाकलेली, तोंडाचं बोळकं झालेली म्हातारी चुलीवर फुंकणी धरून बसली होती.

आवडीने मालोजीकडे पाहिलं. "ही?"

"हीच."

"तवा कशी होती?"

"अशीच. दात होते चार."

"ये गो पोरी," बयाबाई खोकत खोकत म्हणाली. "उभी का? बस. आलं टाकू?"

आवडी बाकाच्या अगदी कडेला बसली. दहा वर्षांचा राग आता ठेवायचा कुठे, हे तिला एकदम सुचेना.

चारच्या सुमाराला भृंगराज आला. समोरच्या जांभळावर बसला, शेपटीच्या तारा झुलवल्या आणि लागला. शिक्र्याची किंचाळी काढली. मांजर काढलं. मग बयाबाईचा खोकला इतका हुबेहूब काढला की बयाबाईच "काय रे?" म्हणाली. प्रियदर्शिनी तबकडी रोखून, श्वास धरून उभी. रेकॉर्डर चालू. घंटी सोडून त्याने सगळं काही वाजवलं.

"हा तोच कशावरून?" मी हळूच विचारलं.

"तो नसंल. त्याचा पोरगा आसंल," मालोजी म्हणाला. "बापाच्या जागी लागला आसंल, अनुकंपा तत्त्वावर." मग त्याने झाडाकडे बघून सरळ हात जोडले. "दे रं बाबा. एकदा दे. रिटायर होतोय मी."

भृंगराजाने पुन्हा मांजर काढलं.

"अवं, चला आता," आवडी म्हणाली. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला त्याची कीव आली होती, आणि मालोजीला ते टोमण्याहून जास्त लागलं.

एवढ्यात साडेचारची गाडी धापा टाकत आली आणि टपरीपाशी थांबली. ड्रायव्हर जागेवरच बसला. कंडक्टर रितेश, नोकरीला जेमतेम सहा महिने झालेला, खाली उतरला, मालोजीला "काका, तुम्ही इथं?" म्हणाला आणि बयाबाईकडून कपबशी घेतली. बशी ओठांना लावली.

टण टण.

स्वच्छ, खणखणीत, पितळी. जांभळावरून.

गाडीने गिअर टाकला आणि निघाली.

रितेश आधी स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. हातात कपबशी होती, दोरी नव्हती. मग तो कपबशीसकट धावला. "आरं थांब! मी खाली हाय! आरं!" खिडक्यांतून उतारू ओरडायला लागले. मुख्तारने जीप सुरू केली, मालोजीने धावत जाऊन मागचं दार धरलं, रितेशला आत खेचलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस! दुसऱ्या वळणावर त्यांनी गाडी गाठली, आणि दहा मिनिटांत सगळी वरात टपरीपाशी परत आली, कारण रितेशची तिकिटांची पेटी बयाबाईच्या बाकावर राहिली होती.

इकडे आवडी पोट धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालोजी उतरला तशी ती उठली, पुन्हा बसली.

"अवं," तिला नीट बोलताही येईना, "खराच वाजवतंय की वो मेला!"

"मग मी काय सांगत होतो दहा वर्सं?"

"मला काय ठावं? मानूस खरं बोलंल आसं कुनाला वाटतंय!"

"आलं का टेपमध्ये?" मालोजीने प्रियदर्शिनीला विचारलं.

तिने मागे नेऊन लावलं. खोकला. मांजर. टण टण. इंजिनाची गुरगुर. आणि मग स्पष्ट, "आरं थांब! मी खाली हाय!"

रितेशचा चेहरा उतरला. तो मालोजीजवळ आला.

"काका, ही कॅसेट सायबाकडं जानार?"

"जानार तर."

"मग मी गेलो. माझी नोकरी अजून कायम नाय. मी पाखराचं नाव सांगितलं तर कोन ऐकंल? तुमचं ऐकलं काय?"

मालोजीने मनात हिशेब मांडला. घंटी तेवढी ठेवून पुढचं पुसलं तर ती नुसती घंटी. कोणीही म्हणेल, गाडीतली आहे. पुरावा होता तो रितेशच्या ओरडण्यात. मालोजीने जांभळाकडे पाहिलं. भृंगराज पिसं साफ करत होता, सेवेत नसल्यासारखा.

"बाई," तो शेवटी प्रियदर्शिनीला म्हणाला, "ती पुन्यालाच ठेवा. तुमच्या अभ्यासाला."

"अहो काका, पण तुमचा शेरा?"

"ऱ्हाऊ दे. बारा दिवसांचा तर प्रश्न हाय." मग रितेशकडे वळून, "न् तू रं, यापुढं च्या खिडकीतनं मागवायचा. दार सोडायचं नाय. जा, चढ. सत्तावीस हायत आत, एक पोरगं पुढच्या बाकाखाली घुसलंय."

आवडीने बयाबाईसमोर आपला कप पुढे केला. "आजून एक द्या वो, म्हातारे. आलं टाकून. न् यांनाही द्या." त्या दिवशी ती माहेरी गेली नाही. पोलादपूरपर्यंत जीपमध्ये मधूनच टण टण म्हणत होती आणि पुन्हा हसत होती, आणि मालोजी दारापाशी बसून दर वेळी मान डोलवत होता.

एकतीस तारखेला मालोजी निवृत्त झाला. नारळ मिळाला. शेरा आहे तिथेच आहे.

मार्चमध्ये प्रियदर्शिनीने आमच्या सहलीची यादी पाठवली. एकूण त्र्याण्णव जाती. शेकाट्यांपुढे एकशे अठरा. भृंगराज अठ्ठ्याऐंशीवा. संख्या, एक. शेऱ्याच्या रकान्यात घंटीचा उल्लेख नाही. नुसतं लिहिलंय, 'सर्वत्र आढळतो'.